थरथरणारी साय आणि तिपेडी वेणी

दुधापासून घट्ट पदार्थ करण्याच्या आपल्या घरातल्या रीती आठवून पाहा. विरजण लावले की दही लागते. चीक वाफवला की खरवस होतो. दूध आटवत नेले की बासुंदी, रबडी आणि शेवटी खवा. या तिन्ही रीतींमागची कारणे वेगवेगळी आहेत. दह्यात आम्लामुळे दुधातील केसिन हे प्रथिन एकमेकांना चिकटते. खरवसात उष्णतेमुळे चिकातील प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि परस्परांत अडकतात. खव्यात तर पाणीच निघून जाते. एक गोष्ट मात्र तिन्हींत समान आहे. परतीची वाट नाही. खरवस पुन्हा तापवला तर त्याचा चीक होत नाही आणि दह्याचे पुन्हा दूध होत नाही.

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतातला एक गोड पदार्थ यांपैकी कोणत्याच रीतीने होत नाही. त्याचे नाव पान्ना कोत्ता. इटालियन भाषेत 'पान्ना' म्हणजे दुधावरची मलई आणि 'कोत्ता' म्हणजे शिजवलेली. नाव असे असले तरी मलई फारशी शिजवत नाहीत, नुसती गरम करतात. त्यात साखर आणि थोडेसे जिलेटिन विरघळवून मिश्रण थंड करायला ठेवतात. काही तासांनी ते लागते. ताटलीत उपडे केले तर आकार धरून उभे राहते, ताटली हलवली तर थरथरते आणि जिभेवर ठेवले की क्षणात पातळ होते. म्हणजे येथे घट्टपणा येतो तो थंडीने आणि जातो तो नुसत्या अंगच्या उबेने. इटलीच्या पाकपुस्तकांत १९६० च्या आधी हा पदार्थ सहसा आढळत नाही. आज मात्र तो जगभर पोहोचला आहे आणि जपानी माच्चा चहा घालून केलेला त्याचा हिरवा प्रकारही लोकप्रिय आहे.

हा हिरवा प्रकार घरी करणे सोपे आहे. ओव्हन लागत नाही, अंडी लागत नाहीत, फेटण्याचे कौशल्य लागत नाही. पण कृतीतील प्रत्येक पायरीमागे काही कारण आहे. ते समजून घेतले की पदार्थ बिघडत नाही आणि वर्गात शिकवण्यासारखे बरेच काही हाती लागते.

शंभरातला एक भाग

पान्ना कोत्तात जिलेटिनचे प्रमाण वजनाने साधारण १ टक्का असते. उरलेले ९९ भाग म्हणजे पाणी, स्निग्ध पदार्थ, साखर आणि दुधातील इतर घटक. एक भाग पदार्थ नव्याण्णव भागांना वाहू देत नाही, हे कसे?

जिलेटिन मिळते कोलॅजेनपासून. कोलॅजेन हे प्राण्यांच्या कातडीत, हाडांत आणि स्नायूबंधांत असणारे प्रथिन. त्याची रचना तिपेडी वेणीसारखी असते. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळ घालून असतात. प्रत्येक साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. वेणीच्या आतल्या बाजूला जागा इतकी कमी असते की तेथे दुसरे कोणतेही अमिनो आम्ल मावणार नाही. कातडी किंवा हाडे आम्लाची अथवा अल्कलीची प्रक्रिया करून गरम पाण्यात ठेवली की वेण्या सुटतात, साखळ्या काही ठिकाणी तुटतात आणि पाण्यात उतरतात. या सुट्या साखळ्या म्हणजे जिलेटिन.

गरम द्रवात या साखळ्या सैरभैर फिरत असतात. द्रव थंड होऊ लागला की त्यांची हालचाल मंदावते आणि त्या पुन्हा वेणी घालू पाहतात. पण मूळच्या जोडीदार साखळ्या आता जवळ नसतात. मग एखाद्या साखळीचे एक टोक शेजारच्या दोघींबरोबर पिळ घालते, मधला भाग आणखी दोघींबरोबर आणि दुसरे टोक तिसऱ्याच दोघींबरोबर. जिकडेतिकडे अशा अर्धवट वेण्या पडल्या की एक भलीमोठी जाळी तयार होते. तिच्या भोकांत पाणी आणि स्निग्ध पदार्थांचे थेंब अडकून पडतात. पाणी पाणीच राहते, पण त्याला वाहून जायला मोकळी वाट नसते. अशा रचनेला जेल म्हणतात. ताटली हलवली की जाळी ताणली जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. पान्ना कोत्ताचे थरथरणे ते हेच.

या अर्धवट वेण्या टिकतात त्या हायड्रोजन बंधांवर. हे बंध दुबळे असतात. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की रेणूंच्या धक्क्यांपुढे ते टिकत नाहीत आणि जाळी सुटते. आपल्या तोंडातले तापमान ३५ अंशांच्या वर असते. त्यामुळे घास जिभेवर आला की वेण्या सुटतात, अडकलेले पाणी आणि स्निग्धांश मोकळे होतात आणि त्यांच्याबरोबर चव व वास एकदम पसरतात. 'तोंडात विरघळतो' असे आपण म्हणतो, पण काटेकोरपणे बोलायचे तर येथे विरघळणे नसून वितळणे आहे.

वेण्या पडायला वेळ लागतो, हेही लक्षात ठेवायला हवे. चार तासांत पदार्थ लागतो, पण रात्रभर ठेवला तर आणखी घट्ट होतो. जिलेटिनची ताकद मोजण्याची एक पद्धत ऑस्कर ब्लूम यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात ६.६७ टक्के जिलेटिनचे जेल १० अंशांवर सुमारे १७ तास ठेवतात. मगच त्यावर ठरावीक आकाराचा दट्ट्या ठेवून, तो ४ मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम वजन लागते ते पाहतात. सतरा तासांची वाट पाहण्याचे कारण हेच, की त्याआधी जाळी पुरती विणून झालेली नसते.

सावलीत वाढलेला चहा

आता माच्चाकडे वळू. 'चा' म्हणजे चहा. आपला 'चहा' आणि जपानी 'चा' हे दोन्ही शब्द मूळच्या एकाच चिनी शब्दातून आलेले आहेत. चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची रीत चीनमध्ये सोंग राजवटीत होती. बौद्ध भिक्षू एइसाई ११९१ मध्ये चीनहून परतले आणि त्यांच्यामुळे चहाला जपानमध्ये नव्याने चालना मिळाली. चीनमध्ये ती रीत पुढे मागे पडली, जपानमध्ये मात्र टिकली. क्योतोजवळील उजी आणि आइची प्रांतातील निशिओ ही माच्चाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

माच्चाचे झुडूप आपल्या आसामच्या चहाच्याच जातीचे. फरक पडतो तो वाढवण्याच्या पद्धतीने. पाने खुडण्याआधी साधारण तीन आठवडे झुडपांवर आच्छादन घालून ऊन अडवतात. उजेड कमी पडला की पान आहे तेवढा प्रकाश पकडण्यासाठी अधिक हरितद्रव्य तयार करते, म्हणून माच्चाचा रंग गडद हिरवा. दुसरा परिणाम चवीवर होतो. चहाच्या मुळांत थिअॅनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होऊन पानांकडे जाते. उन्हात त्याचा बराच भाग मोडतो आणि तुरट कॅटेचिनांची निर्मिती वाढते. सावलीत हे कमी होते. त्यामुळे सावलीतल्या पानात थिअॅनिनची गोडसर, रुचकर चव अधिक आणि तुरटपणा कमी.

खुडलेली पाने लगेच वाफवतात. आपल्या नेहमीच्या काळ्या चहात पाने चुरगळून हवेवर ठेवतात आणि पानांतील विकरे त्यांचा रंग काळपट करतात. वाफेने ही विकरे निकामी होतात, म्हणून पान हिरवे राहते. नंतर पाने वाळवून, देठ आणि शिरा काढून टाकून, ती दगडी जात्यावर दळतात. जाते सावकाश फिरवावे लागते, कारण घर्षणाने पूड तापली तर वास उडतो. एका जात्यातून तासाला ३०-४० ग्रॅमच माच्चा मिळतो. माच्चा महाग असण्याचे हे एक कारण.

नेहमीच्या चहात आपण चोथा गाळून टाकतो. माच्चात तसे नसते. पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते आणि आपण अख्खे पानच खातो. आपल्या पदार्थाच्या दृष्टीने यातून तीन प्रश्न निर्माण होतात: गाठी, गाळ आणि रंग.

बारीक पूड ओलाव्याने आणि स्थिर विद्युतभारामुळे गोळे धरते. मोठ्या भांड्यातील दुधात ती एकदम टाकली तर गोळ्याचा बाहेरचा थर भिजतो आणि आत पूड कोरडीच राहते. बेसनाच्या गाठी होतात तशाच या गाठी. उपायही तोच. आधी चाळावी, मग थोड्या द्रवात कालवून लापशीसारखी करावी आणि नंतर उरलेला द्रव घालावा.

गाळाचे गणित स्टोक्सच्या नियमाने कळते. द्रवात खाली बसणाऱ्या कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात आणि द्रवाच्या दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कणापेक्षा दहापट मोठी गाठ शंभरपट वेगाने तळाला जाते. म्हणून चाळणे हे केवळ दिसण्यासाठी नाही. शिवाय मिश्रण गरम आणि पातळ असतानाच वाट्यांत ओतले तर ते लागेपर्यंत बराच हिरवा रंग तळाशी गेलेला असतो. ते ढवळत ढवळत थंड केले, जरा दाटसर होऊ दिले आणि मग ओतले तर कण जागच्या जागी राहतात.

रंगाचा प्रश्न हरितद्रव्याचा आहे. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल किंवा दीर्घकाळची उष्णता मिळाली की मॅग्नेशियम निघून त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून फार शिजवली तर असाच रंग उतरतो. म्हणून माच्चा घातल्यावर मिश्रण उकळायचे नाही आणि त्यात लिंबू किंवा आंबट फळांचा रस घालायचा नाही.

तुरटपणाचे काय? कॅटेचिने आपल्या लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ ओढल्यासारखी वाटते. ही लाळेतील प्रथिने प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध असतात. दुधातले केसिन आणि जिलेटिन यांतही प्रोलिन भरपूर असते. त्यामुळे वाटीतच कॅटेचिनांना चिकटायला जागा मिळते आणि जिभेपर्यंत तुरटपणा कमी पोहोचतो. चहात दूध घालण्याने जे होते तेच येथे होते.

कृती

सहा लहान वाट्यांसाठी: दूध २५० मिलिलिटर, २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम २५० मिलिलिटर, साखर ५० ग्रॅम, माच्चा ६ ग्रॅम (साधारण तीन चहाचे चमचे), जिलेटिनची पूड ५ ग्रॅम, थंड पाणी ३० मिलिलिटर. पदार्थ ताटलीत उपडा करायचा असेल तर जिलेटिन ७ ग्रॅम घ्यावे. वाटीतूनच खायचा असेल तर ५ ग्रॅम पुरे. तो अधिक मऊ लागतो.

१. थंड पाण्यावर जिलेटिन भुरभुरावे आणि दहा मिनिटे भिजू द्यावे. कण पाणी शोषून फुगतात. कोरडे जिलेटिन थेट गरम दुधात टाकले तर प्रत्येक कणाभोवती चिकट थर होतो आणि पाणी आत शिरत नाही.

२. माच्चा बारीक गाळणीने चाळून साखरेत मिसळावा. साखरेचे दाणे पुडीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. चार-पाच चमचे कोमट दूध घालून गाठी मोडेपर्यंत कालवावे.

३. उरलेले दूध आणि क्रीम एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ येऊ लागली की भांडे उतरवावे. हे तापमान सुमारे ७५ अंश असते.

४. फुगलेले जिलेटिन त्यात घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. जिलेटिन घातल्यावर मिश्रण उकळू नये. दीर्घकाळ उकळल्यास साखळ्या आणखी तुटतात आणि तोकड्या साखळ्यांची जाळी कमकुवत होते.

५. दोन-तीन मिनिटांनी माच्चाचे मिश्रण घालावे आणि सर्व एकदा गाळून घ्यावे.

६. भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावे. मिश्रण पातळ कढीसारखे दाटसर लागू लागले की वाट्यांत ओतून, झाकून, किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. दोन दिवसांत संपवावे.

पदार्थ उपडा करायचा असेल तर वाटी काही सेकंद गरम पाण्यात धरावी. कडेच्या पातळ थरातील वेण्या तेवढ्या सुटतात आणि पदार्थ अलगद निसटतो.

मे महिन्यातली अडचण

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. जिलेटिन प्राणिजन्य आहे. ते मुख्यतः गुरे आणि डुकरे यांच्या कातडी-हाडांपासून आणि काही प्रमाणात माशांपासून मिळते. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ते चालणार नाही. वर्गात प्रयोग करण्यापूर्वी शिक्षकांनी हे स्पष्टपणे सांगावे. औषधांच्या बऱ्याच कॅप्सुलांची आवरणेही जिलेटिनचीच असतात, ही माहितीही विद्यार्थ्यांना असावी.

दुसरी अडचण हवामानाची. जे जेल ३० अंशांच्या आसपास वितळते, ते विदर्भात मे महिन्यात ताटलीत किती वेळ उभे राहील? जो गुण तोंडात हवासा वाटतो, तोच टेबलावर नकोसा होतो.

हीच अडचण १८८१ मध्ये जर्मनीत आणखी कोणाला तरी छळत होती आणि तेथे प्रश्न जेवणाचा नव्हता. रोगजंतूंचा अभ्यास करायचा तर एका जातीचे जिवाणू इतरांपासून वेगळे करून वाढवावे लागतात. द्रवात सगळे मिसळून जातात. घट्ट पृष्ठभागावर मात्र एकेका जिवाणूची संतती एकेका ठिपक्यात वाढते. रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि मग जिलेटिन घातलेल्या पोषक द्रवावर हे साधले. पण माणसाचे रोगजंतू वाढतात ३७ अंशांवर आणि तेथे जिलेटिन पातळ होते. शिवाय अनेक जिवाणू जिलेटिन पचवणारी विकरे सोडतात आणि पायाखालची जमीनच खाऊन टाकतात.

वॉल्टर हेस्से हे डॉक्टर हवेतील सूक्ष्मजीवांवर काम करत होते आणि काही काळ कॉख यांच्या प्रयोगशाळेतही होते. त्यांच्या पत्नी फॅनी त्यांना पोषक माध्यमे तयार करून देत आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोष्टींची चित्रेही काढत. उन्हाळ्यात जिलेटिन पातळ होते म्हणून वॉल्टर त्रस्त झाले होते. तुमच्या जेली आणि पुडिंगे गरमीतही घट्ट कशी राहतात, असे त्यांनी फॅनीला विचारले. उत्तर होते अगार-अगार. फॅनीचे बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले होते. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच परिचितांकडून त्यांना हा पदार्थ कळला होता. 'अगार-अगार' हा शब्दही मलय भाषेतला. कॉख यांनी क्षयरोगाच्या जिवाणूवरील १८८२ च्या निबंधात अगारचा ओझरता उल्लेख केला, पण तो कोणी सुचवला ते लिहिले नाही. १८८७ मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी वर्णिली आणि त्यांचे नाव जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत पोहोचले. त्या बशीत जे ओततात त्याला फॅनी हेस्से यांचे नाव कधी लागले नाही. आजही रुग्णाच्या नमुन्यात कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते प्रतिजैविक चालेल हे पाहताना बहुतेक वेळा अगारचीच बशी वापरतात.

अगार वेगळा कसा?

अगार म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास. तो लाल शैवलांपासून मिळतो आणि तो प्रथिन नसून शर्करांची लांब साखळी आहे. जपानमध्ये तो सतराव्या शतकापासून बनतो. शैवलाचा काढा गोठवून आणि वितळवून वाळवतात आणि त्याला 'कान्तेन', म्हणजे 'थंड आकाश', असे नाव आहे. कान्तेन आणि माच्चा ही जोडी जपानी मिठायांत जुनीच आहे. तेव्हा आपल्या पदार्थात अगार वापरला तर माच्चाला परके काही वाटायला नको.

अगारचे मुख्य वैशिष्ट्य असे. त्याचे द्रावण ३५ ते ४० अंशांवर लागते, पण लागलेले जेल पुन्हा पातळ करायला सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवावे लागते. लागण्याचे आणि वितळण्याचे तापमान यांत जवळजवळ ५० अंशांचे अंतर! जिलेटिनमध्ये हे अंतर लहान असते.

कारण रचनेत आहे. थंड होताना अगारच्या साखळ्या प्रथम दोन-दोन मिळून पिळ घालतात. नंतर असे अनेक पिळ शेजारी शेजारी येऊन त्यांच्या जुड्या होतात. दोन पदरांची सुतळी उलगडणे सोपे, पण अनेक सुतळ्यांचा दोरखंड झाला की एकेक पदर सोडवणे कठीण. जिलेटिनच्या वेण्या एकेकट्या असतात, म्हणून थोड्या उबेने सुटतात. अगारच्या जुड्या एकमेकींना धरून राहतात.

म्हणून अगारची कृती थोडी बदलते. ५ ग्रॅम जिलेटिनऐवजी २ ते २.५ ग्रॅम अगारची पूड घ्यावी. ती १०० मिलिलिटर पाण्यात भिजवून तीन-चार मिनिटे चांगली उकळावी. येथे उकळणे आवश्यक आहे, कारण त्याखेरीज जुड्या सुटत नाहीत. दूध आणि क्रीम ६० अंशांपर्यंत गरम करून त्यात हे द्रावण ढवळत घालावे. फ्रिजमधले गार क्रीम थेट ओतले तर अगार जागीच लागतो आणि गुठळ्या होतात. शेवटी माच्चा घालून मिश्रण लगेच वाट्यांत ओतावे. येथे दाटसर होण्याची वाट पाहू नये. आम्हीही प्रयोगशाळेत अगारच्या बश्या ओतताना द्रावण ५० अंशांच्या आसपास असताना घाई करतो, कारण त्यानंतर फार वेळ मिळत नाही.

हा पदार्थ फ्रिजबाहेरही लागतो आणि उन्हाळ्यात उभा राहतो. पण तो जिभेवर वितळत नाही. चावल्यावर स्वच्छ तुकडे होतात आणि चव जराशी उशिरा येते. काही वेळाने त्याला थोडे पाणीही सुटते. एकाच पदार्थात दोन्ही गुण मिळणार नाहीत. टेबलावर ३८ अंशांना टिकेल आणि तोंडात ३५ अंशांना वितळेल, असे जेल असू शकत नाही. निवड आपल्याला करायची आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

पुढील प्रयोगांना माच्चा किंवा क्रीम लागत नाही. जेथे जिलेटिन चालणार नाही तेथे फक्त अगारचे प्रयोग करावेत. गरम द्रव शिक्षकांनीच ओतावेत आणि प्रयोगातले काहीही खाऊ नये.

पहिला प्रयोग. २ टक्के जिलेटिनचे आणि १ टक्का अगारचे जेल सहा परीक्षानळ्यांत करा, प्रत्येकी तीन. फ्रिजमध्ये लागू दिल्यावर एकेक जोडी फ्रिजमध्ये, खोलीत आणि ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. नळ्या तिरक्या करून कोणते जेल वाहते ते नोंदवा. खोलीचे तापमानही लिहा. जानेवारीत आणि मे महिन्यात एकच उत्तर येते का?

दुसरा प्रयोग. लागलेल्या जिलेटिनच्या आणि अगारच्या जेलवर ताज्या अननसाचा तुकडा ठेवा. शेजारच्या नळ्यांत पाच मिनिटे उकळलेल्या अननसाचा तुकडा ठेवा. चारही नळ्या फ्रिजमध्ये ठेवून काही तासांनी पाहा. ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर प्रथिन तोडते. कोणत्या नळीत जेल पातळ झाले आणि उरलेल्या तिन्हींत का झाले नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच शोधावे. कच्च्या पपईचा तुकडा घेऊनही हे करता येईल. जिलेटिनच्या पान्ना कोत्तावर ताजा अननस किंवा किवी का ठेवू नये, हे यातून आपोआप कळेल. आणि कॉख यांच्या बश्यांचे जिवाणूंनी काय केले असेल, याचाही अंदाज येईल.

तिसरा प्रयोग. पालकाची पाने तीन भांड्यांत पाच-पाच मिनिटे उकळा: एकात साधे पाणी, दुसऱ्यात लिंबाचा रस घातलेले, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेले. रंगांची तुलना करा. मॅग्नेशियम कोणत्या भांड्यात गेले आणि कोणत्या भांड्यात टिकले, ते रंगावरूनच सांगता येईल.

निरीक्षणांचा तक्ता करताना तापमान, वेळ आणि वजन यांचे आकडे न विसरता लिहावेत. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत तर आधी हे आकडे ताडून पाहावेत. बहुतेक वेळा फरकाचे कारण तेथेच सापडते. तेथेही सापडले नाही तर प्रयोग पुन्हा करावा.